सरळ शेपूट

मार्च संपत आला तरी तिसा नदीपलीकडच्या माळावर
गवतावरचं दहिवर जड असतं.
दहा मीटरचा दोर माझ्या तळव्यातून सरकतो,
आधी गार, मग एकदम चटका:
झेम्लेला ससा दिसलाय.

झेम्ले म्हणजे पाव. भट्टीतून नुकता निघालेला,
वर तांबूस, कडांना उजळ.
आठ महिन्यांची आहे, कान अजून तिच्या मापाचे नाहीत.
जात पाखरं हुडकणाऱ्यांची,
पण हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

मी ओरडत नाही. वेन्देलमामानं बजावलंय,
"ओरडलीस, की तिला वाटतं तूही धावतेयस."
दोर संपतो. ती हवेतल्या हवेत वळते, आपटते,
आणि माझ्याकडे असं बघते
जसा ससा मीच पळवला.

शेजारचा इलिश म्हणतो, विजेचा पट्टा आण,
दोन झटक्यांत विसरेल.
मामा त्याला पालिंका पाजतो आणि विषय बदलतो.

आमच्याकडे पट्टा नाही, गोंबोत्स आहे:
जाळीच्या कुंपणात राहणारा लठ्ठ, लोंबत्या कानांचा ससा,
जो कुणालाच घाबरत नाही.
रोज अर्धा तास आम्ही तिघं आत बसतो.
गोंबोत्स कोबी खातो. मी मोजे विणते.
झेम्ले थरथरते.
पहिल्या आठवड्यात लाळेनं माझा बूट भिजला.
पाचव्या आठवड्यात तिनं जांभई दिली.
मी इतकी खूश झाले की टाके चुकले.

माळावरचा ससा मात्र कोबी खात बसत नाही.
तो उडतो, आणि मग गवत उडतं, आणि मग ती.
एप्रिल गेला. मे गेला.
कुत्र्याचं शेपूट, मी म्हटलं, वाकडं ते वाकडंच.
मामा म्हणाला, "शेपूट बघ ना मग.
सशामागे ते वाऱ्यावरच्या चिंधीसारखं.
तितराच्या वासावर बघ."

आमच्या भाषेत तितराला आणि कैद्याला
एकच शब्द आहे: फोगोय.
सत्तेचाळीस साली मामाचे वडील रशियातून सुटून आले,
तेव्हा तो चार वर्षांचा.
बायका ओरडत आल्या, "फोगोय आला, फोगोय!"
दारात एक हाडकुळा माणूस उभा,
आणि मामा त्याच्या कोटाच्या बाहीत
पिसं शोधत राहिला.
तो माणूस हलला नाही म्हणे.
पोराचं शोधून होईपर्यंत उंबऱ्यावरच उभा राहिला,
एक पाय आत, एक पाय बाहेर.

हे मामानं मला दोर गुंडाळताना सांगितलं,
आणि पुढे म्हणाला, "गाठ नीट मार."

सप्टेंबर. कापलेल्या गव्हाची खुंटं, बाभळींची रांग,
मिठानं पांढरी पडलेली जमीन.
दोर घरीच खिळ्याला.
तिच्या नाकाखालून ससा उठला.
शेपूट एकदा वाकडं झालं,
दुसऱ्यांदा झालं,
पुढचे पाय मातीत रुतले,
आणि ती बसली.
बसून तिनं मागे वळून पाहिलं. रागानं नाही.
त्या नजरेला काय म्हणायचं मला अजून कळलेलं नाही.
शिट्टी माझ्या ओठांतच होती. मी ती वाजवलीच नव्हती.

मग पन्नास पावलांवर, वाळक्या गवतापाशी,
एक पाय उचललेला, दुसरे रुतलेले,
नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत
एक ताणलेली सुतळी.
नळी नाही, काही नाही.
बांधावर खुर्ची टाकून बसलेल्या मामानं टोपी काढली
आणि मांडीवर ठेवली.
सात तितर उडाले. बंदूक आम्ही आणलीच नव्हती.

रात्री शेगडीपाशी झेम्ले झोपेत धावते.
चारही पाय. घशातून बारीक कुईकुई.
शेपूट फरशीवर वाकडंतिकडं आपटतं,
आणि जे पळतंय ते पाखरू नाही, एवढं मलाही कळतं.
माझा हात गळ्यातल्या शिट्टीकडे जातो.
"बोर्का," मामा डोळे मिटूनच म्हणतो,
"राहू दे. तिथं तिचं ती बघेल."